मासळीची जुनी गाडी विकायची आहे? काय दुरुस्त करायचं, काय सोडायचं आणि किती मागायचे



संस्थेची जुनी पिकअप अखेर दसऱ्यानंतर विकली गेली हे बहुतेकांना कळलंच आहे. "किती आले?" हे सगळे विचारतात. कितीला का गेली, हे फार थोड्यांनी विचारलं. आपल्यातल्या आठ-दहा जणांकडे अशाच गाड्या आहेत. उघडी पिकअप घेतली, मागाहून तिच्यावर बर्फाची इन्सुलेटेड पेटी बसवली आणि दहा-बारा वर्षं मडगाव, म्हापसा, बेळगाव केलं. आज ना उद्या त्या विकायच्या आहेत. म्हणून या वेळचा अभ्यास यावरच. यात आमच्या चुकाही लिहिल्या आहेत, कारण त्या सभेत सांगून झाल्या आहेत. लपवण्यासारखं आता काही नाही.

गाडी जुलै 2014 ची, सव्वा टनी. जून 2016 मध्ये तिच्यावर पफची पेटी बसवली. 2018 साली फॉर्मेलिनचा विषय गाजला आणि सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीला इन्सुलेटेड गाडीची अट घातली. तेव्हापासून अशा गाड्यांना गिऱ्हाईक वाढलं आणि आमचा हिशेबही तिथूनच चुकत गेला. "पेटी आहे म्हणजे किंमत आहे" असं आम्ही धरून चाललो होतो. पेटी चांगली असेल तर किंमत आहे. वाईट असेल तर घेणाऱ्याला ती काढून टाकायचाही खर्च आहे.

यंदा 1 जूनला बंदी लागली आणि गाडी गॅरेजला लावली. गॅरेजवाल्याने अंदाज दिला 1 लाख 18 हजार. त्यात अर्धं इंजिन काम, पूर्ण डेन्टिंग-पेंटिंग, पेटीला बाहेरून नवा पत्रा, सीट कव्हर असं सगळं होतं. एवढे पैसे घालायची संचालकांची तयारी नव्हती. मग मधला मार्ग म्हणून आम्ही खालून काळा अंडरबॉडी रंग मारून घेतला, केबिन धुतली, पॉलिश केली आणि फोटो काढून याच पेजवर टाकले. मागितले होते 3 लाख 10 हजार. दोन दिवसांत तीन फोन आले.

चौथ्या दिवशी ड्रायव्हर गाडी घेऊन केरीला फेरीच्या धक्क्यावर गेला. उतारावर ब्रेक दाबला तर पेडल खालपर्यंत गेलं. हॅन्डब्रेक ओढला आणि गाडी पाण्यापासून हातभर अंतरावर थांबली. फेरी यायची होती, समोर माणूस नव्हता, म्हणून निभावलं. गाडी ओढून आणली, मेस्त खाली शिरला आणि नखाने काळा रंग खरवडला. आतून ब्रेकच्या पाइपचा गंज भुकटीसारखा गळला. पाइप फुटला होता तो बरोबर ताज्या रंगाखाली. रंग मारणाऱ्याला तो दिसला नाही. आम्हाला तर बघायचंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी पेजवरची जाहिरात काढली. फोन केलेल्या तिघांना "गाडी अजून तयार नाही" एवढंच कळवलं. त्यातला एक चोर्ला घाटातून रोज जाणारा होता.

आता आपल्या गाड्या नेमक्या कुठे कुजतात ते बघू. भाजीच्या गाडीपेक्षा मासळीच्या गाडीचं दुखणं वेगळं. बर्फ वितळतो, त्यात मिठाचं आणि मासळीचं पाणी मिसळतं आणि ते पेटीच्या भोकातून खाली पडतं. आमच्या पेटीचं भोक फॅब्रिकेटरने सरळ मागच्या अ‍ॅक्सलच्या वर पाडलेलं. नऊ वर्षं तेच पाणी ब्रेकचे पाइप, पाटे, यू-बोल्ट आणि चासीच्या आडव्या पट्टीवर पडत राहिलं. गाडी रोज धुतली जात होती, पण वरून आणि आतून. खालून गोड्या पाण्याचा फवारा मारला असेल तर वर्षातून दोनदा, तोही पासिंगच्या आधी. गंजावर रंग मारला तर ओल आतच कोंडते आणि गंज थांबत नाही, नुसता दिसेनासा होतो. रंगाला आमचा विरोध नाही. आधी घासा, ठोका, कुजलेलं बदला, मग मारा.

विकायची नसली तरी आजच एक काम करून घ्या. पेटीच्या भोकाला रबरी नळी लावा आणि ती मागच्या चाकाच्याही मागे कॅनमध्ये सोडा. रस्त्यावर मासळीचं पाणी सांडत जाणाऱ्या गाडीला लोक शिव्या घालतात, तेही वाचतं.

पेटीकडे येऊ. पेटी बाहेरून चकचकीत दिसली म्हणून काही कळत नाही. आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली वजनकाट्याची. आरसीवर रिकामी गाडी 1,640 किलो. पेटी बसवली तेव्हाच्या बिलावर पेटीचं वजन 310 किलो. म्हणजे काट्यावर 1,950 च्या आसपास यायला हवं. आलं 2,130. जास्तीचे 180 किलो कसले? गाळ-चिखल थोडाफार धरला तरी बाकीचं पाणी. फरशीचा जोड उघडा पडला होता, तिथून पाणी शिरून फोम स्पंजसारखा भिजलेला. एवढं पाणी आम्ही रोज डिझेल जाळून बेळगावला नेत होतो आणि परत आणत होतो. शिवाय तेवढा माल कमी भरत होतो, कारण आरसीवरचं एकूण वजन तेच राहतं, पेटी जड झाली की माल तेवढा घटतो. माल कमी भरला नसेल तर नियम मोडत होतो. खरं सांगायचं तर दोन्ही केलं.

दुसरी गोष्ट दाराची. कागदाची पट्टी दाराच्या रबरात धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर तिथून गार हवा जाते. चारही बाजूंनी करायचं. एक माणूस आत बसवून उजेड दिसतो का हेही बघतात, पण बाहेरच्याने कडीला हात लावायचा नाही. दार नुसतं दाबून धरायचं. पेटीत कोंडल्याचे प्रकार चेष्टेत होतात आणि चेष्टा राहत नाहीत.

तिसरी बर्फाची, आणि ही सगळ्यात खरी. सावलीत गाडी उभी करून 100 किलो बर्फ मोजून आत ठेवला. भोकाच्या नळीचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं, म्हणजे हवा आत जात नाही. दार लावून बारा तास ठेवलं आणि किती पाणी निघालं ते मोजलं. दुरुस्तीआधी 47 किलो बर्फ वितळला. फरशीचा फोम काढून नवा भरला, वर फायबर केलं, दाराचं रबर बदललं, तेव्हा 32. बाजूच्या भिंती आणि छप्पर जुनंच आहे. वजनकाट्यावर गाडी 1,970 भरली. हे आकडे कागदावर लिहून ठेवले. पुढे गिऱ्हाइकासमोर हाच कागद कामाला आला. पॉलिशने काहीच केलं नव्हतं.

खर्च असा झाला. ब्रेकचे सगळे पाइप, मागचे व्हील सिलिंडर, लायनर आणि नवं ब्रेक ऑइल मिळून 11,400. पाटे, यू-बोल्ट आणि आडव्या पट्टीचं वेल्डिंग 14,800. पेटीची फरशी 23,500. दाराचं रबर 2,600. एकूण 52,300. अंडरबॉडी रंगाचे आधी गेलेले यात धरलेले नाहीत, ते वाया गेले असंच समजतो.

इंजिन उघडलं नाही, यावर सभेत बरीच चर्चा झाली. आमचं म्हणणं असं. सकाळी थंड इंजिन एका सेल्फवर सुरू होत होतं. ऑइलचं झाकण काढल्यावर हलकी वाफ होती, भपकारा नव्हता. कॉम्प्रेशन तपासून घेतलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले. असं असताना अर्ध्या इंजिन कामाचे 45 हजार घातले तर घेणारा ते भरून देत नाही, कारण त्याला ते दिसत नाही आणि आपल्या शब्दावर तो विश्वास ठेवेलच असं नाही. कॉम्प्रेशनचा कागद मात्र तो वाचतो. ब्रेकचं तसं नाही. ब्रेकचे पैसे परत येवोत की न येवोत, ते करायचेच.

क्लच घसरायला लागला होता, तो तसाच ठेवला आणि सांगितला. पुढचे दोन टायर जुने होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. घेणारा नक्षी बघतो, तुम्ही आकडा दाखवा. किलोमीटरचा मीटर मधे दोन वर्षं बंद होता, तेही लिहून दिलं.

आता कागद. इथे आम्हाला जास्त लाज वाटली. पेटी 2016 ला बसवली पण आरसीवर गाडी अजून उघडी पिकअपच. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या बांधणीत असा बदल करायचा तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. आम्ही काय करत होतो? पासिंगच्या आदल्या दिवशी आठ जण मिळून पेटी उतरवायची, पासिंग झालं की परत चढवायची. आपल्यातले किती जण अजून करतात ते आम्हाला माहीत आहे, नावं घेत नाही. अपघात झाला आणि विमावाल्याने आरसी काढून बघितली तर वादाला तिथेच जागा मिळते. यंदा रीतसर अर्ज केला, तपासणी झाली, नोंद झाली, रिकामं वजनही बदलून आलं. दोन फेऱ्या पडल्या.

बँकेचं कर्ज 2018 ला फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र देऊन तो उतरवला. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे सुचलं की सौदा महिनाभर लटकतो, म्हणून आधीच करा. माल वाहतुकीच्या गाडीला आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी लागतं. दोन महिने उरलेल्या पासिंगची गाडी आणि ताज्या पासिंगची गाडी यांत घेणारा फरक करतोच. आम्ही ताजं करून घेतलं.

नावावर करून देण्याची गोष्ट जुनी आहे, पण परत सांगतो. 2017 मध्ये संस्थेने एक टेम्पो विकला होता. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, सह्या केलेले कोरे फॉर्म दिले, विषय संपला असं वाटलं. घेणाऱ्याने तो पुढे विकला, त्याने आणखी पुढे. 2019 ला अपघात न्यायाधिकरणाचं समन्स आलं ते संस्थेच्या नावाने, कारण आरसीवर मालक आम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच स्पष्ट केलं आहे की गाडी ज्याच्या नावावर नोंद आहे तोच कायद्याने मालक, हात कितीही बदलले असोत. तीन वर्षं तारखांना गेलो. त्या अपघातात एका घरचा कमावता गेला होता. त्याची आई दर तारखेला बाकावर बसलेली असायची आणि आमच्याकडे बघायची. आम्ही तिला काय सांगणार, की गाडी आमची नव्हे?

तेव्हा फॉर्म 29 आणि 30 समोर बसून पूर्ण भरायचे, कोरे द्यायचे नाहीत. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी बेळगाव किंवा सावंतवाडीला जाणार असेल तर फॉर्म 28 ची एनओसी लागते. विमाही घेणाऱ्याच्या नावावर गेला पाहिजे. बिनक्लेमची सूट मात्र विकणाऱ्याचीच राहते, ती तुमच्या पुढच्या गाडीला वापरा.

आता किंमत. सभेत तीन आकडे आले आणि तिन्ही चुकीचे होते. एक सभासद म्हणाले, "पुस्तकात 1 लाख 12 हजार आहे, तेवढ्याला द्या." गाडी 5 लाख 40 हजारांची, पेटी 95 हजारांची. दरवर्षी 15 टक्के घसारा काढत गेलं की 31 मार्च 2025 ला एवढे उरतात. पण ती पुस्तकी किंमत, बाजाराला तिचं काही देणंघेणं नाही. दुसरे म्हणाले, "घातलेले सगळे वसूल झाले पाहिजेत." तेही बाजाराला ठाऊक नाही. तिसरे म्हणाले, मोबाईलवर तशीच गाडी साडेतीन लाखाला आहे. ती साडेतीनला मागितलेली आहे, विकलेली नाही, आणि तीन महिने तिथेच आहे.

आम्ही म्हापसा, सावंतवाडी आणि बेळगावला खरोखर विकल्या गेलेल्या 2013 ते 2015 मधल्या गाड्यांची चौकशी केली. काही करावं न लागणारी पेटीची गाडी 3 लाखांच्या आसपास जात होती. त्यातून घेणाऱ्याला जे करावं लागेल ते वजा केलं. दोन टायर 13 हजार, क्लच 14 हजार, केबिनचं डेन्टिंग 25 हजार. उरले 2 लाख 48 हजार. दुरुस्तीआधी एका दलालाने आहे तशी 1 लाख 40 हजारांना मागितली होती, तो आमचा तळ.

तरी हाव सुटत नाही. ऑगस्टमध्ये आम्ही 2 लाख 85 हजार लावले. नवीन हंगाम, चतुर्थी, लोक बघून गेले, कोणी परत आलं नाही. मग 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने मालवाहू गाड्यांचा कर 28 वरून 18 टक्के केल्याचं जाहीर झालं, 22 तारखेपासून. नवी गाडी त्या हिशेबाने पावणेआठ टक्क्यांनी स्वस्त. नवी उतरली की जुनीही उतरते, हे कोणी सांगायला लागत नाही. आम्ही 2 लाख 65 हजारांवर आलो.

जीएसटीचा दुसरा फटका आमच्या लक्षात नव्हता. संस्था जाळी-दोर विकते म्हणून आपली नोंदणी आहे. नोंदणी असलेल्याने जुनी गाडी विकली तर विक्रीची किंमत आणि पुस्तकी किंमत यांतल्या फरकावर 18 टक्के कर लागतो, जानेवारी 2025 पासून सगळ्या गाड्यांना हाच दर. नोंदणी नसलेल्या सभासदाला स्वतःची गाडी विकताना हा कर नाही. हिशेबनिसाने हे सांगितलं तेव्हा आमचे चेहरे बघण्यासारखे होते. घेणारा खिशातून जातील तेवढेच पैसे मोजतो, कर वेगळा दाखवला म्हणून तो जास्त देत नाही. त्यामुळे सौदा कर धरूनच बोलायचा असं ठरवलं.

गाडी घेतली ती म्हापशाच्या बाजारात मासळी विकणाऱ्या दोन जावांनी. त्यांचा मुलगा चालवणार आहे. थोरल्या वहिनींनी केबिन बघितलीच नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "भाऊ, पोरगा चालवणार हां. ब्रेकचं काय ते आधी सांगा." आम्ही फुटलेला जुना पाइप ठेवला होता, तो त्यांच्या हातात दिला आणि धक्क्यावर काय झालं ते सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "शीर खाली, नवे घातलेत ते बघून ये." तो बघून आला. बर्फाचा कागद वाचला, क्लचवरून घासाघीस केली आणि सगळं धरून 2 लाख 50 हजारांवर हात दिला. त्यातले सुमारे 21 हजार कराचे, संस्थेला 2 लाख 29 हजार. दुरुस्तीचे 52,300 वजा केले तर 1 लाख 76 हजार 700 राहतात. दलालाला आहे तशी दिली असती तर 1 लाख 40 हजार, आणि त्यातूनही कर गेला असता.

काही सभासदांचं म्हणणं आहे की पाइप दाखवला नसता तर आणखी दहा हजार आले असते. आले असते कदाचित. सभेच्या इतिवृत्तात त्यांचं मत नोंदवलं आहे.

गाडी 14 ऑक्टोबरला वहिनींच्या नावावर झाली, नवीन आरसीची प्रत फाइलला आहे. वजनकाट्याच्या पावत्या, बर्फाच्या चाचणीचा कागद आणि दोषांची यादी असलेला करारनामा कार्यालयात सकाळी 10 ते 1 बघायला मिळेल. ज्यांना गाडी विकायची आहे त्यांनी करारनाम्याचा नमुना झेरॉक्स करून न्यावा. आरसीवर पेटीची नोंद नाही अशांनी येताना आरसी आणि पेटीचं जुनं बिल घेऊन या, चार-पाच जण झाले तर अर्ज एकत्रच भरू.

— सचिव, संस्थेच्या वतीने